दाहाची धग हाडांपर्यंत

प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडतो. जुने हाड पोखरण्याचे काम ऑस्टिओक्लास्ट पेशी करतात, नवे रचण्याचे ऑस्टिओब्लास्ट. पोखरणारी पेशी हाडाला घट्ट चिकटते आणि आपल्याखालच्या बंदिस्त जागेत आम्ल सोडते. त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळतात. उरलेली प्रथिनांची जाळी कॅथेप्सिन-के हे विकर तोडते. काही आठवड्यांत पडलेला हा खड्डा बुजायला काही महिने लागतात. पोखरण्याचा वेग वाढला की बांधणाऱ्या पेशी मागे पडतात त्या यामुळेच.

हा वेग ठरवते रँक-लिगँड नावाचे प्रथिन. ते ऑस्टिओक्लास्ट घडवते आणि कामाला लावते. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिन त्याला वाटेतच अडवते. १९९७-९८च्या सुमारास ही जोडी उलगडली, तेव्हा रँक-लिगँड प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरही असते हे समोर आले. दाहाचा आणि हाडांचा धागा इथे जुळतो.

रुमॅटॉइड संधिवातात तो स्पष्ट दिसतो. सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही रसायने वाढतात, त्यांच्यामुळे रँक-लिगँड वाढते, आणि सांध्याच्या कडेचे हाड कुरतडले जाते. टीएनएफ एवढ्यावर थांबत नाही; बांधणाऱ्या पेशींनाही ते रोखते. रक्तातून ही रसायने दूर पोचतात, त्यामुळे दुखत नसलेला मणका किंवा खुबाही विरळ होतो. सूज उतरवायला दिलेली स्टेरॉइड्स बांधणाऱ्या पेशी कमी करतात. त्यांच्यामुळे होणारी झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगवान असते. जुनाट हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचे हाड जाते तेही याच मार्गाने.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि या रसायनांवरचा लगाम सैल होतो. कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी पडले, तर पॅराथायरॉइड संप्रेरक रक्तातली पातळी राखण्यासाठी हाडातूनच कॅल्शियम काढते. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठलेले असते. ही तूट गोळ्यांनी भरून निघते. दाहाने सुरू केलेली झीज मात्र केवळ गोळ्यांनी थांबत नाही. संधिवाताच्या रुग्णाला फक्त कॅल्शियमवर ठेवणे म्हणूनच अपुरे आहे. मूळ दाह आटोक्यात आणावा लागतो, आणि स्टेरॉइड कमीत कमी मात्रेत, लागेल तेवढेच दिवस द्यावे लागते.

डेनोसुमॅब हे इंजेक्शन थेट रँक-लिगँडला अडवते. साधारण दर सहा महिन्यांनी ते द्यावे लागते. मध्येच बंद केले, तर थोपवलेली झीज उसळून येते आणि एकामागोमाग मणके मोडू शकतात. त्यामुळे ते थांबवताना दुसरे हाडरक्षक औषध सुरू करतात.