खिशातलं बूच

1948 चा फुटबॉलचा स्कॉटिश कप. अंतिम लढतीत रेंजर्स आणि मॉर्टन बरोबरीत सुटले, तेव्हा फेरलढतीला ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर 1,33,750 माणसं लोटली. रेंजर्सनं ती 1-0 नं जिंकली. त्या विजयाच्या शँपेनचं बूच रेंजर्सचा बचावपटू जॉर्ज यंगनं शकुनाचं म्हणून खिशात टाकलं आणि त्यावरून त्याचं नाव पडलं ‘कॉर्की’.

6 फूट 2 इंच उंचीचा, आडव्या बांध्याचा हा गडी 1922 मध्ये ग्रेंजमथला जन्मला. युद्धकाळात, 1941 मध्ये तो रेंजर्समध्ये आला आणि 1957 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. गोलरक्षक ब्राउन, पुढे यंग, शॉ, मॅकॉल, वुडबर्न, कॉक्स. या फळीला वृत्तपत्रांनी नाव दिलं ‘पोलादी पडदा’. शीतयुद्धातला तो शब्द तेव्हा ताजा होता. 1948-49 मध्ये लीग, लीग कप आणि स्कॉटिश कप या तिन्ही स्पर्धा एकाच हंगामात जिंकणारा रेंजर्स हा स्कॉटलंडमधला पहिला संघ ठरला. क्लाइडविरुद्धच्या कप-अंतिम सामन्यात 4-1 अशी सरशी झाली. त्यातले दोन गोल यंगचे, दोन्ही पेनल्टीवर.

1953 च्या अंतिम सामन्यात ॲबर्डीनशी झुंजताना गोलरक्षक नीव्हन जखमी झाला. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती. नीव्हन परतेपर्यंत गोलपोस्टमध्ये उभा राहिला तो यंग. सामना 1-1 सुटला, फेरलढत रेंजर्सनं जिंकली.

स्कॉटलंडसाठी तो 53 सामने खेळला, त्यांतले 48 कर्णधार म्हणून. वर्षाकाठी मोजकेच आंतरराष्ट्रीय सामने होत, त्या काळातला हा आकडा. पन्नाशी गाठणारा तो पहिला स्कॉट.

विश्वचषकात मात्र तो एकही सामना खेळला नाही. 1950 मध्ये ब्रिटिश स्पर्धेतल्या पहिल्या दोन संघांना ब्राझीलचं दार उघडं होतं. पण विजेते ठरलो तरच जाऊ, असा स्कॉटिश संघटनेचा हट्ट. हॅम्पडेनवर बेंटलीच्या एका गोलनं इंग्लंड जिंकलं आणि स्कॉटलंड दुसरं राहिलं. कर्णधार यंगनं विनवण्या केल्या, संघटना बधली नाही. 1954 ला स्कॉटलंडनं स्वित्झर्लंडला जेमतेम 13 खेळाडू नेले. त्यांत यंग नव्हता. उरुग्वेनं सात गोल चढवले, स्कॉटलंडला एकही करता आला नाही. 1957 मध्ये पात्रता फेरीत माद्रिदच्या सामन्याला निवडकर्त्यांनी त्याला वगळलं आणि तिथंच त्याचा खेळ आटोपला. स्कॉटलंड पात्र ठरलं, 1958 ला स्वीडनला गेलं, यंगविना.

पुढे तो ग्लासगोच्याच थर्ड लॅनार्कचा व्यवस्थापक झाला. जन्मभर गोल अडवण्यात मुरलेल्या या माणसाच्या संघानं 1960-61 च्या लीगमध्ये बरोबर 100 गोल ठोकले आणि तिसरं स्थान पटकावलं. सहा वर्षांत तो क्लबच बंद पडला. यंग 1997 मध्ये गेला.

बुचानं त्याला मैदानावर हात दिला असेलही. पण तिकिटं काढणारी माणसं बसत होती ती बंद खोलीत, आणि तिथं त्या बुचाचं काही चाललं नाही.