'बाबू' शब्दाची उतरण : कलकत्त्यातील रिकामपण आणि प्रतिष्ठा

भवानीचरण बंद्योपाध्याय यांचा 'कलिकाता कमलालय' हा छोटेखानी ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातून नव्याने आलेला एक गृहस्थ आणि कलकत्त्यात मुरलेला एक नागरिक यांच्या संवादाच्या रूपाने तो लिहिलेला आहे. शहरातील भद्र लोकांच्या तीन श्रेणी नागरिक पाहुण्याला समजावून देतो, आणि त्यासाठी त्याने लावलेली मोजपट्टी मोठी सूचक आहे. प्रथम दिवाण-मुत्सद्दी मंडळींचा दिनक्रम येतो : स्नानपूजा, भेटीगाठी, भोजन, विश्रांती, बैठक. मधल्या श्रेणीचा दिनक्रमही जवळजवळ हाच. फक्त दानधर्म आणि बैठकीतले बोलणे कमी, कष्ट अधिक. तिसरी श्रेणी गरीब परंतु भद्र अशा लोकांची. तिच्या वाट्याला दान त्याहूनही थोडे आणि कष्ट त्याहूनही फार. ही रचना मिळकतीच्या आकड्यांवर उभी नाही. कोणाजवळ किती रिकामा वेळ आहे आणि कोणाचा हात किती सैल सुटू शकतो, यावरून येथे माणसाची पायरी ठरते.

यानंतर शहात्तर वर्षांनी, १८९९ मध्ये, थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात हीच मोजपट्टी शास्त्राच्या भाषेत मांडली. संपत्ती नुसती असून भागत नाही, ती लोकांच्या दृष्टीस पडावी लागते. आणि ती दृष्टीस पाडण्याचे दोन मार्ग म्हणजे उपयोगाविना खर्च आणि उपयोगाविना वेळ, असा त्याचा सिद्धांत आहे. त्याचा 'लेझर' हा शब्द मराठीत आणणे सोपे नाही. 'फुरसत' कष्टकऱ्यालाही मिळते. 'विश्रांती' दमलेल्याने घ्यावयाची असते. बंगालीतील 'अवसर' मराठीत आज संधीच्या अर्थाकडे झुकला आहे. राहता राहिले 'रिकामपण'. त्याला मराठीत निंदेचा वास आहे हे खरे, परंतु व्हेब्लेनच्या उपरोधाला तो वास मानवतो.

कलकत्त्याच्या एका प्रसिद्ध घराण्यात हा सिद्धांत दोन पिढ्यांत उलगडलेला दिसतो. रामदुलाल दे (१७५२–१८२५) हे दारिद्र्यातून वर आलेले व्यापारी. अमेरिकन जहाजांच्या व्यवहारात त्यांनी अमाप धन मिळविले, आणि त्यांच्या चाहत्या अमेरिकन व्यापाऱ्यांनी १८०१ मध्ये त्यांना जॉर्ज वॉशिंग्टनचे तैलचित्र भेट दिले. स्वतः रामदुलाल अखेरपर्यंत साधे राहिले, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांचे पुत्र आशुतोष आणि प्रमथनाथ यांना मात्र शहर ओळखते ते छातूबाबू आणि लाटूबाबू या नावांनी. बुलबुलांच्या झुंजी आणि सणासमारंभांचा थाट यांच्याशी ती नावे कायमची जोडली गेली. मिळविणाऱ्याच्या अंगाला कष्टाचा वास असतो. तो जावयास एक पिढी लागते, आणि तो गेल्याखेरीज 'बाबू' ही पदवी पुरती शोभत नाही.

येथपर्यंत व्हेब्लेन उपयोगी पडतो. त्यापुढे त्याचा हात सोडावा लागतो. त्याच्या अमेरिकेतील धनिक आपल्या समाजाच्या शिखरावर होता. त्याच्या डोक्यावर कोणी नव्हते. कलकत्त्यातील बाबूला एकाच वेळी दोन प्रेक्षक सांभाळावे लागत. एक प्रेक्षक म्हणजे साहेब. प्लासीच्या लढाईच्या वर्षी, १७५७ मध्ये, नवकृष्ण देव यांनी शोभाबाजारच्या वाड्यात मांडलेल्या दुर्गापूजेला खुद्द क्लाइव्ह आला होता, असे परंपरा सांगते. दुसरा प्रेक्षक म्हणजे ज्ञाती, कुलीन ब्राह्मण आणि आपल्या 'दला'तील माणसे. श्राद्धात आणि विवाहात होणारा अफाट खर्च त्यांच्यासाठी होता. साहेबाकडून पत मिळावयाची आणि ज्ञातीकडून मान. एकाच पूजेच्या दोन अंगणांत दोन्ही हिशेब चुकते होत.

आणि धन अन्यत्र लावण्यास वाव तरी किती होता? १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदारी ही पैसा गुंतविण्याची सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत निष्क्रिय जागा करून ठेवली होती. द्वारकानाथ ठाकूर यांनी १८३४ मध्ये 'कार, टागोर आणि कंपनी' स्थापून कोळसा, नीळ आणि जहाजे यांत उडी घेतली. १८४६ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले, १८४८ च्या आरंभी युनियन बँक बुडाली आणि त्यांची कंपनीही बंद पडली. त्यानंतर बंगाली भांडवल बहुतांशी जमिनीकडे आणि घरांकडे वळले. मोठा व्यापार युरोपियन पेढ्यांच्या आणि पुढे मारवाड्यांच्या हाती राहिला. भांडवलशाहीने ज्याला कारखान्याच्या दारातून आत घेतले नाही, त्याने दिवाणखान्यात झुंबरे लावली. बंगाली प्रहसनकारांना त्यात केवळ दुर्व्यसन दिसले. भवानीचरणांनीच 'नवबाबूविलासा'त (१८२५) बाबूची लक्षणे अक्षरांच्या यमकात मोजून दाखविली. त्यांत फासे, कबुतरे, पोशाख आणि बाहेरख्यालीपणा यांच्या पंक्तीला खैरातही बसली आहे. दान हासुद्धा विलासच, हे त्यांच्या तीक्ष्ण नजरेला दिसले. तो विलास या माणसांना अपरिहार्य का झाला, हे मात्र त्यांनी विचारले नाही.

बंकिमचंद्रांच्या 'लोकरहस्य' (१८७४) मधील 'बाबू' हा लेख या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. महाभारतातील जनमेजय-वैशंपायन संवादाचा घाट घेऊन त्यांनी बाबूला विष्णूप्रमाणे दहा अवतार दिले. त्यांतील पहिला कारकून. मग मास्तर, ब्राह्म, मुत्सद्दी, डॉक्टर, वकील, हाकीम, जमीनदार, संपादक. आणि अगदी शेवटी निष्कर्मा, म्हणजे काहीच न करणारा. पन्नास वर्षांपूर्वी जो या शब्दाचा एकमेव धनी होता, तो आता दहावा झाला आहे, आणि अग्रपूजेचा मान कारकुनाला मिळाला आहे. (स्वतः बंकिमचंद्र डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, हाकिमाच्या अवतारातून त्यांनी स्वतःला वगळले नाही.) साहेबाच्या कचेरीत दहा तास खर्डेघाशी करणाऱ्याला रिकामपण कोठून असणार? त्याने त्याचे चिन्ह तेवढे उचलले : परीटघडीचे धोतर, कोरी चादर, हातातली छत्री. भवानीचरणांची तिसरी श्रेणी हीच. घरात ताटातले कमी करून रस्त्यावर कपडा शुभ्र ठेवणाऱ्या या वर्गाची ओढाताण व्हेब्लेननेही नेमकी ओळखली होती. मराठीत 'बाबू' हा शब्द आला तो या उतरत्या पायरीवरून. म्हणूनच 'बाबूगिरी' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे फायली येतात, बुलबुल येत नाहीत. जुन्या बंगाली ग्रंथांच्या अनुवादकाने हे ध्यानी न ठेवल्यास उपहासाचा सारा रोख चुकतो.

उपहास करणारे कोण होते हेही पाहिले पाहिजे. 'हुतोम प्यांचार नक्शा' (१८६२) लिहिणारे कालीप्रसन्न सिंह जोडासाँकोच्या जमीनदार घराण्यातले. त्यांनी पंडित नेमून महाभारताचे बंगाली गद्य भाषांतर करविले आणि ते फुकट वाटले. १८६१ मध्ये 'नीलदर्पण' खटल्यात पाद्री लाँग यांना झालेला हजार रुपयांचा दंड जागच्या जागी भरला. अखेरची वर्षे कर्जात काढून १८७० मध्ये, तिशीत, ते वारले. हा खर्च बाबूचाच होता, आणि हिशेबनिसाच्या वहीत तो बुलबुलांच्या खर्चाशेजारीच पडला असता.

बेलगाछियाच्या बागेतील प्रासादाची कथा याहून बोलकी आहे. द्वारकानाथांच्या मेजवान्यांनी गाजलेली ही वास्तू पुढे पाइकपाड्याच्या सिंह बंधूंकडे गेली आणि १८५८ मध्ये तेथे रामनारायण तर्करत्न यांचे 'रत्नावली' हे नाटक मोठ्या खर्चाने रंगभूमीवर आले. निमंत्रितांत साहेब होते, त्यांना कथानक कळावे म्हणून इंग्रजी भाषांतर हवे होते. ते मायकेल मधुसूदन दत्त यांच्याकडे सोपविण्यात आले. एवढा पैसा इतक्या सामान्य नाटकावर खर्ची पडत आहे, हे पाहून मधुसूदन अस्वस्थ झाले आणि तोवर इंग्रजीत लिहिणाऱ्या या कवीने बंगालीत 'शर्मिष्ठा' लिहिले. १८५९ मध्ये ते त्याच रंगमंचावर आले. साहेबाला दाखविण्यासाठी केलेल्या भपक्यातून एका भाषेला तिचा आधुनिक नाटककार मिळाला. व्हेब्लेनच्या हिशेबात अशा जमेला रकाना नाही.

१९०५ च्या स्वदेशी चळवळीने प्रतिष्ठेची चिन्हे उलटी केली. तिची भूमिका तयार करणाऱ्या ग्रंथांत सखाराम गणेश देउसकर या मराठी घराण्यातील बंगाली लेखकाच्या 'देशेर कथा'चा (१९०४) वाटा मोठा. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. मँचेस्टरचे तलम कापड आता लाजेचे झाले आणि जाडेभरडे धोतर मानाचे. परंतु जाडेभरडे महाग होते. रवींद्रनाथांच्या 'घरे बाइरे' (१९१६) मधील पंचू हा गरीब माणूस विलायती कापडाची गाठोडी विकून पोट भरतो. त्याचे कापड जाळून टाकले जाते, आणि जाळविणारा हरीश कुंडू हा त्याचाच जमीनदार असतो.