रोलरवरची धूळ आणि पेटंटचा कायदा

ए-४ कागदाचं नवं रिम उघडून वरचा ताव उजेडात धरला तर तो अगदी निर्मळ दिसतो. त्याच्या कडा एकदा काळ्या कापडावर घासून पाहाव्यात. कापडावर पांढुरकी पूड उतरते. कागदात सेल्युलोजचे तंतू असतात, आणि तो पांढरा, अपारदर्शक व्हावा म्हणून त्यात कॅल्शियम कार्बोनेटसारखी खनिज भुकटी भरलेली असते. कारखान्यात मोठ्या गुंडाळीवरून ताव कापले जातात तेव्हा कडेचे तंतू तुटतात, भुकटी सुटते आणि कडेलाच चिकटून राहते. प्रिंटरमध्ये गेल्यावर ती आधी गाठते रबराचा रोलर.

ट्रेमधल्या गठ्ठ्यातून नेमका एकच कागद उचलणं हे प्रिंटरमधल्या अवघड कामांपैकी एक आहे. वरचा रोलर कागदाला पुढे ओढतो, आणि खालचं सेपरेशन पॅड (काही यंत्रांत पॅडऐवजी दुसरा रोलर असतो) त्याच्याखालच्या कागदाला थोपवून धरतं. हे जमायला घर्षणाची उतरंड नीट लागावी लागते. रोलर आणि कागद यांच्यातलं घर्षण सर्वांत जास्त हवं, कागद आणि पॅड यांच्यातलं त्याहून कमी, आणि दोन कागदांमधलं सर्वांत कमी. रबराच्या बारीक खाचांत पूड बसली की रोलर नुसताच फिरतो. कागद जागचा हलत नाही, हललाच तर तिरका जातो आणि पुढे अडकतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कागद ओल धरतो, तेव्हा दोन-दोन ताव एकमेकांना चिकटून आत जातात. तहसील कचेरीबाहेरचा झेरॉक्सवाला गठ्ठा ट्रेत घालण्याआधी तो फडफडवून घेतो ते यासाठीच. दुरुस्तीला आलेला माणूस झाकण उघडतो आणि पहिल्यांदा अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने रोलर पुसतो.

हे पुसणं यंत्राने स्वतःच करावं म्हणून गेल्या काही दशकांत असंख्य रचना सुचवल्या गेल्या. कोणी रोलरला ब्रश टेकवला, कोणी फेल्टची पट्टी लावली, कोणी स्पंज, तर कोणी पॉलिएस्टरची पातळ फिल्म. स्थिर विजेने धूळ ओढणारा दुसरा रोलरही आला. इंकजेटच्या काही यंत्रांत कागद पट्ट्यावरून सरकतो. त्या पट्ट्यावर शाई उडते, म्हणून ती खरवडायला रबराचं पातं लागतं. पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ही सगळी मंडळी तीन मोठ्या कप्प्यांत विखुरलेली सापडतात. ताव हाताळणाऱ्या यंत्रांचा कप्पा बी६५एच, छपाई यंत्रणांचा बी४१जे, आणि झेरॉक्स पद्धतीच्या छपाईचा जी०३जी. कॅनन, रिको, सेको एप्सन, ब्रदर या जपानी कंपन्यांचे अर्ज या कप्प्यांत जागोजागी भेटतात. त्यामुळे रोलर साफ करण्याची नवी युक्ती घेऊन कोणी आला की परीक्षकाला जपानी दस्तऐवज चाळल्यावाचून गत्यंतर नसतं.

ब्रश टेकवला, यात शोध तो कोणता, असा प्रश्न अशा अर्जांबद्दल सहज विचारला जातो. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. नव्या औषधाचा किंवा नव्या रसायनाचा अर्ज समोर आला की निदान काहीतरी नवं दिसत असतं. ब्रश, स्प्रिंग, कॅम आणि मोटर यांच्या अर्जात प्रत्येक भाग जुना असतो. नवेपणा असलाच तर तो त्यांच्या जुळणीत असतो, आणि तो खरा की वरवरचा हे ठरवताना पेटंट व्यवस्थेची कसोटी लागते. रोलरला टेकलेल्या कुठल्याही ब्रशवर कोणाला वीस वर्षांचा हक्क मिळाला, तर सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखानदाराचा रस्ता विनाकारण अडतो. उलट, खरोखर डोकं लावून शोधलेली रचना 'हे तर उघडच होतं' म्हणून फेटाळली, तर पुढच्या वेळी तो माणूस आपली युक्ती जगापुढे मांडणार नाही.

कागद ओढून नक्कल काढणाऱ्या यंत्राचा उगमच एका पेटंट विभागात झाला. चेस्टर कार्लसन हा कॅलटेकमध्ये भौतिकशास्त्र शिकलेला तरुण न्यू यॉर्कमध्ये पी. आर. मॅलरी या कंपनीच्या पेटंट विभागात काम करत होता. पेटंटांच्या तपशिलांच्या आणि आकृत्यांच्या प्रती सतत लागत. त्या हाताने किंवा टाइपरायटरवर उतरवाव्या लागत, नाहीतर छायाचित्र काढून घ्यावं लागे. नजर अधू, हाताला संधिवात. या जाचातून सुटायचं म्हणून त्याने सार्वजनिक ग्रंथालयात बसून प्रकाश आणि स्थिर वीज यांचा अभ्यास सुरू केला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी क्वीन्समधल्या ॲस्टोरिया भागात, एका भाड्याच्या खोलीत, त्याने आणि ऑटो कॉर्नाय या सहायकाने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून भारित केला. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि 'ॲस्टोरिया' लिहिलं होतं. ती पट्टी पत्र्यावर ठेवून त्यांनी दिव्याचा उजेड पाडला, मग लायकोपोडियमची बारीक पूड भुरभुरवली आणि जास्तीची फुंकून टाकली. अक्षरं पत्र्यावर उभी राहिली. मेणकागद दाबल्यावर ती कागदावर आली. त्या पहिल्या प्रयोगातही नको असलेली पूड दूर करणं ही एक पायरी होतीच.

कार्लसनला ६ ऑक्टोबर १९४२ रोजी पेटंट मिळालं, क्रमांक २२,९७,६९१. मोठमोठ्या कंपन्यांनी त्याला नकार दिला होता. १९४४ मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने त्याचा हात धरला आणि पुढे रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीने. हीच कंपनी नंतर झेरॉक्स झाली. तिचं ९१४ हे यंत्र १९५९ मध्ये लोकांसमोर आलं. नऊ इंच बाय चौदा इंच आकारापर्यंतच्या कागदावर नक्कल काढणारं म्हणून ९१४. त्याच्या ड्रमवर उरलेलं टोनर झाडायला सशाच्या केसांचा फिरता ब्रश होता. कागद आत अडकला तर तो तापलेल्या भागाजवळ करपून पेट घ्यायचा, म्हणून यंत्राबरोबर आग विझवण्याचं छोटं नळकांडं दिलं जाई. कागदाची वाट मोकळी ठेवणं ही तेव्हा नुसत्या सोयीची बाब नव्हती.

भारतातल्या पेटंटांची सुरुवातही अशीच रोजच्या गरजेतून झाली. १८५६ च्या कायद्याखाली कलकत्त्यात जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पहिला अर्ज केला तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. आजचा कायदा १९७० चा असून तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. पेटंट कार्यालयाच्या शाखा कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि चेन्नई इथे आहेत, आणि महानियंत्रकांचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबई शाखेत दाखल होतात.

परीक्षण कसं चालतं ते पाहण्यासाठी एक काल्पनिक अर्ज घेऊ. पुण्यातल्या एखाद्या लहान कंपनीने प्रिंटरच्या रोलरसाठी सफाईची रचना केली आहे. तिचा पहिला क्लेम असा: कागद पुढे नेणारा रोलर, आणि त्या रोलरच्या पृष्ठभागाला टेकून त्यावरची धूळ काढणारा ब्रश. पेटंट एजंटने तो मुद्दाम सैल लिहिला आहे. क्लेम जितका सैल, तितका हक्क मोठा. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते. मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी ती ३१ महिन्यांच्या आत यावी लागते, त्याआधी ४८ महिन्यांची सवलत होती. अर्ज मग परीक्षकाकडे जातो आणि जुन्या दस्तऐवजांचा शोध सुरू होतो.

या क्लेमला फार वेळ लागणार नाही. रोलर आणि त्याला टेकलेला ब्रश, हे दाखवणारं एखादं जुनं जपानी प्रकाशन परीक्षकाला सापडणारच. एकाच जुन्या दस्तऐवजात सगळे घटक भेटले की नावीन्य संपलं. पहिल्या परीक्षण अहवालात, ज्याला सगळे एफईआर म्हणतात, तो दस्तऐवज 'डी-१' म्हणून येतो. सोबत 'डी-२' असतो: कॉपिअरमधलं रबराचं पातं यंत्र बंद असताना कॅमने पट्ट्यापासून दूर करणारी रचना. उत्तर द्यायला कंपनीला सहा महिने असतात, आणखी तीन मुदतवाढीने मिळू शकतात.

चांगला एजंट इथे भांडत बसत नाही. तो शोधकाला विचारतो, की ब्रश टेकवल्यावर तुमच्याकडे बिघडलं काय होतं? मग खरी गोष्ट बाहेर येते. ब्रश सतत टेकलेला राहिला की रोलरवर ब्रेकसारखा भार येतो, आणि ब्रश एका बाजूला जास्त दाबला गेला तर कागद तिरका जातो. शिवाय धूळ ब्रशच्या ज्या बाजूला साठते ती बाजू कागदाच्या वाटेवर असते. साठलेला गोळा सुटला की थेट पुढच्या तावावर पडतो. म्हणून शोधकाने ब्रश कागद जाताना वर उचलून धरला. तावाची मागची कड सेन्सरवरून गेल्यावर रोलर फिरवणारी मोटरच उलटी फिरते. एकदिशा क्लचमुळे त्या उलट्या फेऱ्यातच ब्रश खाली येऊन टेकतो, आणि रोलर उलटा फिरत असल्याने धूळ ब्रशच्या दुसऱ्या बाजूला, कागदाच्या वाटेबाहेरच्या ट्रेवर जमते. दुसरी मोटर लागत नाही. क्लेम आता या सगळ्यासह नव्याने लिहिला जातो.

या दुरुस्तीला एक अट आहे आणि ती कठोर आहे. कलम ५९ प्रमाणे मूळ तपशिलात जे नव्हतं ते आता घालता येत नाही. उलट्या फेऱ्यात धूळ दुसऱ्या बाजूला पडते, हे वाक्य पहिल्या दिवशीच्या कागदपत्रांत असलं तरच हा बचाव उभा राहतो. कित्येक लहान उद्योजक अर्ज लिहिताना यंत्राचे भाग बारकाईने सांगतात आणि त्या भागांमुळे काय होतं ते सांगायचं राहून जातं. मग त्या मौनाचा फटका तीन वर्षांनी बसतो.

आता प्रश्न उरतो शोधक पायरीचा. कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येला आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, अभिप्रेत आहे, आणि त्यामुळे ती गोष्ट त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड वाटता कामा नये. कलम ३ (एफ) आणखी एक दार बंद करतं. माहीत असलेली साधनं शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापलं जुनं काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध धरला जात नाही. इंग्लंडमध्ये १८९० मध्ये विल्यम्स विरुद्ध नाय या खटल्यात मांस बारीक करणारं आणि ते सॉसेजमध्ये भरणारं यंत्र एकत्र जोडलं होतं. दोन्ही जुनी, दोन्ही आपापलं काम करणारी. पेटंट टिकलं नाही.

आपल्याकडे या विषयावरचा पायाभूत निकाल भांड्यांच्या कारखान्यातून आला. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरमध्ये हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज ही पेढी पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनवत असे. लेथवर भांडं फिरत असताना ते हेडस्टॉकवरून निसटून उडायचं आणि कामगाराला धोका व्हायचा. १९५१ मध्ये पेढीने भांडं घट्ट धरण्याची रचना करून पेटंट मागितलं, ते मिळालंही. गावातल्याच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीने तीच पद्धत वापरली आणि खटला उभा राहिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं, खंडपीठाने ते पुन्हा जिवंत केलं, आणि डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायमचं रद्द केलं. न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा, की कसबी कारागीर आपल्या कामाच्या ओघात करील ती सुधारणा शोध ठरत नाही. त्यापलीकडे काहीतरी हवं. या रचनेने काम सुरक्षित झालं असेल, भांड्याला सफाई आली असेल, तरी लेथवर वस्तू दाबून धरण्याची कल्पना जुनीच होती.

अमेरिकेत २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात पुढेमागे सरकवता येणाऱ्या ॲक्सिलरेटर पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की जाणकार माणूस यंत्रमानव नसतो, त्यालाही साधारण कल्पकता असते, आणि माहीत असलेले भाग माहीत असलेल्या कामासाठी जोडून अपेक्षित तेच फळ मिळालं तर पेटंट देता येत नाही. युरोपीय पेटंट कार्यालय हाच प्रश्न वेगळ्या बाजूने विचारतं. जाणकाराला हे करता आलं असतं का, एवढ्यावर ते थांबत नाही. समोरची अडचण पाहून त्याने ते खरोखर केलं असतं का, हे ते पाहतं. मला यांत्रिक अर्जांसाठी युरोपचा प्रश्न जास्त न्याय्य वाटतो. ब्रश उचलणं कोणालाही जमतं, पण ते नेमकं कोणत्या दुखण्यासाठी आणि कोणत्या क्षणी उचलावं हे त्याला कुठून कळणार होतं, याचा हिशेब त्यात होतो.

या कसोट्या पुण्याच्या अर्जाला लावून पाहू. डी-२ मध्येही साफ करणारा भाग दूर होतो, पण कारण निराळं आहे. यंत्र बंद असताना एकाच जागी दाब राहून पट्ट्याला वळ पडू नये म्हणून. तिथे धुळीचा प्रश्न नाही आणि उलटी फेरीही नाही. डी-१ वाचणाऱ्या जाणकाराला तिरक्या कागदाची अडचण जाणवली तर तो ब्रशचा दाब कमी करील किंवा मऊ केसांचा ब्रश लावील. मोटर उलटी फिरवून धुळीची बाजू बदलावी, असं दोन्ही दस्तऐवजांत कुठेच सुचवलेलं नाही. इथे क्लच, ब्रश आणि रोलर आपापलं जुनं काम वेगवेगळं करत नाहीत. रोलरची दिशा ब्रशची वेळ ठरवते, आणि ब्रशची वेळ धूळ कुठे पडेल ते ठरवते. म्हणून ३ (एफ) लागू होऊ नये. नुसतं 'ब्रश मागे-पुढे होतो' एवढंच क्लेममध्ये राहिलं असतं, तर मिर्झापूरच्या निकालाने त्याचा निकाल लावला असता आणि तो योग्यच ठरला असता.

परीक्षकाचं समाधान झालं नाही तर नियंत्रकांसमोर सुनावणी होते. तिथे आकृती क्रमांक तीनवर बोट ठेवून, ब्रशच्या केसांची कोणती बाजू कुठल्या वेळी कुठे असते यावर तासभर चर्चा रंगू शकते. अर्ज फेटाळला तर त्याची कारणं लेखी द्यावी लागतात, आणि २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाल्यापासून अपील थेट उच्च न्यायालयात जातं. मंजूर झाला तर एक वर्षभर कोणत्याही हितसंबंधी व्यक्तीला त्याविरुद्ध हरकत घेता येते, आणि तिथे डी-१, डी-२ पेक्षा जवळचा डी-३ घेऊन कोणी आलं तर सगळा हिशेब पुन्हा मांडला जातो. माझ्या मते या अर्जाचा पहिला सैल क्लेम पहिल्या अहवालातच संपायला हवा आणि उलट्या फेऱ्याचा क्लेम मंजूर व्हायला हवा, मात्र धुळीची बाजू बदलते हे मूळ तपशिलात शब्दांत किंवा आकृतीत स्पष्ट दिसत असेल तरच.