चंद्रावर घर बांधताय? मग खिडकी विसरा!

इंटरनेटवर 'मून बेस' असं नुसतं सर्च करा. काचेचे मोठ्ठे घुमट, आत हिरवीगार झाडं, वर काळंभोर आकाश. वॉलपेपर म्हणून एकदम भारी! पण तिथे खरंच राहायचं असेल, तर आर्किटेक्ट सगळ्यात आधी हेच डिझाइन बाद करेल.

कारण चंद्रावरच्या घराचं गणितच उलटं आहे. आपल्याकडे इमारतीला स्वतःचं वजन पेलायचं असतं. चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, त्यामुळे वजनाचं तेवढं टेन्शन नाही. टेन्शन आहे ते आतल्या हवेचं. बाहेर हवाच नाही. आत पृथ्वीसारखा दाब ठेवला, तर भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारे 10 टनांचा रेटा बाहेरच्या दिशेने येणार. घर कोसळण्यापेक्षा फुग्यासारखं फुटण्याची भीती जास्त. म्हणून चौकोनी खोल्या कटाप, सगळं कसं गोल किंवा नळकांड्यासारखं.

वर किरणोत्सार आहेच. चीनच्या 'चांग-अ 4' यानाने तो मोजला, तर पृथ्वीवरच्या साधारण 200 पट निघाला. यावर उपाय काय, तर माती! घरावर जाड थर टाकायचा आणि आपण खाली राहायचं, थोडक्यात बिळात. 'फॉस्टर अँड पार्टनर्स' या आर्किटेक्ट कंपनीने युरोपियन स्पेस एजन्सीसाठी 2013 मध्ये असंच डिझाइन मांडलं होतं. आत फुगवलेला घुमट आणि त्यावर रोबोटने थ्रीडी प्रिंट केलेलं चांद्रमातीचं कवच. ही माती तापमानही अडवते, आणि तेही किती! आपल्या चांद्रयान-3 ने 2023 मध्ये दक्षिण ध्रुवाजवळ मोजलं, तेव्हा पृष्ठभागावर 50 अंशांच्या आसपास आणि फक्त 8 सेंटिमीटर खाली उणे 10! वीतभरही खोल नाही, विचार करा.

विटांचा किस्सा तर आणखी भन्नाट आहे. बेंगळुरूच्या 'आयआयएससी'ने इस्रोसोबत 2020 मध्ये चांद्रमातीसारख्या मातीपासून विटा बनवल्या. त्यात सिमेंट नाही. बॅक्टेरिया, युरिया आणि गवारीचा डिंक. हो, तीच भाजीतली गवार! आणि हा युरिया माणसाच्या लघवीतून मिळू शकतो. (इथे नाक मुरडू नका. पृथ्वीवरून सिमेंटच्या गोण्या न्यायचा खर्च कोण देणार?)

माती अशी कामाची असली, तरी तिची धूळ मात्र डोकेदुखी. तिथे वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कण झिजत नाहीत, काचेसारखे धारदारच राहतात. 1972 मध्ये अपोलो 17 च्या हॅरिसन श्मिट यांना यानात शिरलेल्या धुळीने चक्क सर्दी झाल्यासारख्या शिंका आल्या. म्हणून आता सूट घराबाहेरच टांगून ठेवायचा आणि आतून त्याच्या पाठीच्या दारातून त्यात शिरायचं, अशी कल्पना आहे. चपला दाराबाहेर काढा, हे आपली आजी कधीपासून सांगतेय!

आता राहिली खिडकी. भारतीय माणूस 2040 पर्यंत चंद्रावर उतरवायचं आपलं टार्गेट आहे. तुम्ही आज विशीत असाल, तर तेव्हा पस्तिशीत असाल. समजा, पुढे तिथे तळ झाला आणि तुमचा नंबर लागला. मग मातीखालच्या नळकांड्यात तीच चार माणसं, तोच ट्यूबलाइट, महिनोन्महिने. स्पेस स्टेशनवर 2010 मध्ये 'क्युपोला' नावाची सात काचांची खिडकी बसवली, आणि अंतराळवीरांचा सगळ्यात लाडका कोपरा तोच झाला. त्यामुळे माझ्या मते खिडकी हवीच. छोटी चालेल, जाड चालेल, फार तर आरशांमधून फिरवून आणलेलं दृश्य चालेल.

फक्त दिशा नीट निवडा. तळासाठी पसंती आहे दक्षिण ध्रुवाला, कारण जवळच्या अंधाऱ्या विवरांत बर्फ आहे आणि त्यांच्या उंच कडांवर ऊन जास्त काळ टिकतं. तिथून पृथ्वी डोक्यावर कधीच येत नाही. ती क्षितिजाशी रेंगाळते, महिन्याभरात थोडी वर, थोडी खाली. काच लावायचीच तर त्या बाजूला लावा.