बंद म्हणजे किती बंद?

लॅपटॉप सुरू केला की आधी राखाडी पडदा, मग त्यावर उभ्या रेघा, आणि पुढे काहीच नाही. २०११ सालचा पंधरा किंवा सतरा इंची मॅकबुक प्रो वापरणाऱ्या अनेकांनी हे पाहिलं आहे. आतला प्रोसेसर धडधाकट, हार्ड डिस्क शाबूत, फोटो नि कागदपत्रं जिथल्या तिथे. बिघडलेली असायची ती एकच चिप, एएमडी कंपनीचं रेडिऑन ग्राफिक्स कार्ड. आणि त्याच मदरबोर्डवर, इंटेलच्या प्रोसेसरच्या पोटात, पडद्यावर चित्र उमटवू शकणारी दुसरी चिप ठणठणीत बसलेली असायची. एक आजारी पडली म्हणून सगळं घर बंद! मग त्या एकीलाच बाजूला का बसवू नये? या साध्या प्रश्नातून जे उपाय निघाले, ते जुनं यंत्र जपणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावेत असे आहेत.

अशा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात. इंटेलचं साधं, कमी वीज खाणारं. मेल, टायपिंग, सिनेमा पाहणं यांना ते पुरतं. दुसरं स्वतंत्र कार्ड व्हिडिओ एडिटिंगसाठी, गेमसाठी. ॲपलने २०१० सालापासून या दोहोंमधली अदलाबदल आपोआप होईल अशी सोय केली. पण ती पुरती समंजस नव्हती. एखाद्या प्रोग्रॅमने ग्राफिक्सच्या विशिष्ट सुविधा मागितल्या, आणि ‘मला लहान कार्ड चालेल’ असं त्याच्या बांधणीत लिहिलेलं नसलं, की मोठं कार्ड जागं व्हायचं. तो प्रोग्रॅम मिटेपर्यंत ते जागंच. वापरणाऱ्याला कळायचं ते फक्त बॅटरी लवकर संपली की, किंवा मांडी भाजली की.

कोडी क्रीगर या प्रोग्रॅमरने लिहिलेलं ‘जीएफएक्सकार्डस्टेटस’ हे छोटं सॉफ्टवेअर इथे कामाला आलं. फुकट, आणि कोडही सर्वांसाठी खुला. पडद्याच्या वरच्या पट्टीत एक अक्षर दिसतं : ‘आय’ असेल तर इंटेलचं चालू, ‘डी’ असेल तर स्वतंत्र कार्ड चालू. अक्षरावर क्लिक केलं की मोठ्या कार्डाला कुणी जागं ठेवलंय त्या प्रोग्रॅमचं नावही कळतं. ‘फक्त इंटेल’ असं निवडता येतं. मला यातली नाव सांगण्याची सोय सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याच यंत्रात काय चाललंय हे आपल्याला दिसणं, हा मालकीचा पहिला हक्क आहे.

फरक किती पडतो? पंधरा इंची मॅकबुकची बॅटरी ७७.५ वॉट-तासांची. कंपनीचा दावा सात तासांचा, म्हणजे ताशी साधारण ११ वॉट-तास खर्च. समजा मोठं कार्ड विनाकारण ८ वॉट जास्त खात असेल, तर सात तासांचे चार होतात.

मर्यादाही आहेत. या मॉडेलमध्ये बाहेरच्या मॉनिटरच्या तारा स्वतंत्र कार्डालाच जोडलेल्या आहेत. प्रोजेक्टर लावायचा तर ते जागं हवंच. आणि कार्ड बिघडलेलं असेल, तर हे सॉफ्टवेअर पुरत नाही. कारण ते चालायला आधी यंत्र पूर्ण सुरू व्हावं लागतं, आणि हा लॅपटॉप सुरू होतानाच मोठं कार्ड वापरतो.

कार्ड बिघडल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०१५ च्या फेब्रुवारीत ॲपलने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. पण ती २०१६ अखेर संपली. मग ज्यांचं यंत्र नंतर बंद पडलं त्यांनी काय करायचं? काहींनी मदरबोर्ड तापवून घेतला. चिप पुन्हा बोलू लागते, पण बहुधा काही आठवड्यांपुरतीच. टिकाऊ वाट वेगळी निघाली. मदरबोर्डवर एक छोटी स्मृती असते, वीज गेली तरी न पुसणारी. सुरुवातीला कोणतं कार्ड घ्यायचं याची नोंद तिच्यात करता येते. एका ओळीच्या आज्ञेने तिथे ‘इंटेल’ लिहून ठेवलं, की यंत्र आजारी चिपकडे न जाता थेट उघडतं. ही नोंद नाजूक आहे. कमांड, ऑप्शन, पी आणि आर या कळा दाबून ती स्मृती कुणी कोरी केली, तर रेघा परत.

आता खरी मेख. या उपायात रेडिऑनचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला हुकूम देणारं सॉफ्टवेअर, तेही बाजूला काढून ठेवतात. कार्ड वापरात नाही, ड्रायव्हर नाही, म्हणजे ते बंद झालं असं वाटतं. प्रत्यक्षात चिपला वीज मिळतच राहते, आणि तिला ‘झोप’ म्हणून सांगणारा ड्रायव्हरच नसल्याने ती नुसती तापत बसते. म्हणून जाणकार यंत्र सुरू झाल्यानंतर तोच ड्रायव्हर हाताने पुन्हा चढवतात, केवळ तिला झोपवण्यासाठी. दिव्याखाली बसायचं नाही म्हणून दिवा विझत नाही, कुणीतरी बटण दाबावं लागतं, तसंच हे.

लिनक्सवाल्यांनाही याच भिंतीशी झुंजावं लागलं. एनव्हिडियाने २०१० साली ‘ऑप्टिमस’ नावाने अशीच दोन कार्डांची रचना आणली, पण लिनक्सकडे पाठ फिरवली. दोन वर्षांनी फिनलंडमधल्या एका व्याख्यानात त्यावरून प्रश्न आला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स कॅमेऱ्यासमोरच एनव्हिडियावर भडकले होते. तोवर स्वयंसेवकांनी वाट काढली होती. ‘बंबलबी’ने गरजेपुरतं कार्ड वापरायची सोय केली, तर ‘बीबीस्विच’ने त्याची वीजच तोडायची.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिसेबल’ करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. तिथेही ड्रायव्हर गेला तरी वीज जाईलच असं नाही. खात्री करायची तर चार्जर काढा, सगळे प्रोग्रॅम मिटवा, पाच मिनिटं थांबा आणि बॅटरीतून किती वॉट जातात ते पाहा. लिनक्सवर ‘पॉवरटॉप’ हा फुकट प्रोग्रॅम तो आकडा दाखवतो. मग कार्ड बंद करून तेवढ्याच वेळाने पुन्हा पाहा. आकडा खाली आला तर कार्ड झोपलं. वर गेला, तर ते झोपलेलं नाही. ड्रायव्हर परत घाला.