दिवसाची रात्र झाली कशी?

लहानपणी आमच्या देवघरात लक्ष्मीची एक जुनी तसबीर होती. समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर बसून बसून ती इतकी काळवंडली होती, की लक्ष्मीच्या हातात कमळ आहे की वांगं हेसुद्धा कळत नसे. काच तर कधीच फुटलेली. एका दिवाळीला मी ओलं फडकं आणि साबण घेऊन बसलो. आधी काजळी निघाली. मला वाटलं, वा! मग आणखी जोरात घासलं, आणि कमळाबरोबर लक्ष्मीची दोन बोटंही फडक्यावर आली. त्यावर आजी मला काय म्हणाली, ते इथे छापण्यासारखं नाही.

तर मुलांनो, अशीच एक साफसफाई हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरातल्या राइक्सम्युझियमने हाती घेतली. फरक एवढाच, की ही तसबीर रेम्ब्रां या थोर चित्रकाराची आहे आणि ती बघायला सगळ्या जगातून माणसं येतात!

आधी या संग्रहालयाची एक गंमत सांगतो. १८८५ साली उघडलेल्या त्याच्या इमारतीच्या पोटातून चक्क एक रस्ता जातो आणि त्यावरून सायकली धावतात. २००३ ते २०१३ अशी दहा वर्षं मुख्य इमारत दुरुस्तीसाठी बंद होती. तेव्हा या रस्त्याचं काय करायचं यावरून मोठा वाद झाला. पण तिथले सायकलवाले असे काही हटून बसले, की रस्ता राहिलाच. इमारत पुन्हा उघडली तेव्हा आतल्या बाकी सगळ्या वस्तूंच्या जागा बदलल्या होत्या. जुन्या जागी परत आलं ते एकच चित्र, ‘नाइट वॉच’. म्हणजे रात्रीचा पहारा.

हे चित्र १६४२ सालचं. उंची जवळजवळ पावणेचार मीटर, रुंदी साडेचार मीटर आणि वजन ३३७ किलो! ॲमस्टरडॅमचं रक्षण करणाऱ्या नागरिकांच्या एका तुकडीने आपापसांत पैसे काढून ते करून घेतलं होतं. तेव्हा अशा तुकड्यांची चित्रं म्हणजे आपला शाळेतला ग्रुप फोटो. सगळे ओळीत, माना सरळ. रेम्ब्रांने तसं केलंच नाही. त्याच्या चित्रात काळ्या कपड्यांतला कप्तान फ्रान्स बॅनिंग कॉक हात पुढे करून निघालाय, शेजारी पिवळ्या कपड्यांतला त्याचा सहकारी आहे. कुणी बंदुकीत दारू भरतोय, कुणी निशाण उंचावतोय, ढोल वाजतोय आणि त्या आवाजाने एक कुत्रं भुंकतंय. मधेच लख्ख उजेडात एक छोटी मुलगी, तिच्या कमरेला मेलेली कोंबडी! कोंबडीची नखं ही त्या तुकडीची खूण होती म्हणे. हा फोटो नव्हे, ही धांदल आहे.

पण यात रात्र कुठे आहे? कुठेच नाही! चित्र दिवसाचंच आहे. तैलचित्र वाळलं की त्यावर वॉर्निशचा पारदर्शक थर देतात. त्याने रंग खुलतात आणि धुळीपासून बचावही होतो. पण वर्षं गेली की वॉर्निश पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. त्यावर धूर, धूळ. दीडशे वर्षांत चित्र असं काळवंडलं, की लोकांना वाटलं ही रात्रच आहे. तेव्हा पडलेलं नाव आजतागायत चिकटलंय.

या चित्राने सोसलंय मात्र भलतंच. १७१५ साली ते नगरभवनात न्यायचं ठरलं. तिथली भिंत अपुरी पडली, तर या लोकांनी काय करावं? चारही बाजूंनी चित्रच कापलं! एकट्या डावीकडून सुमारे ६० सेंटिमीटरची पट्टी गेली. ते तुकडे पुन्हा कधीही सापडले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात चित्र गुंडाळून लपवलं, शेवटची काही वर्षं तर ते मास्ट्रिख्टजवळच्या डोंगरातल्या भुयारात होतं. १९११ साली आणि पुन्हा १९७५ साली त्यावर चाकूहल्ला झाला. १९७५ चे वार तर कॅनव्हासच्या आरपार गेले. १९९० साली एकाने ॲसिड उडवलं. पहारेकऱ्यांनी ताबडतोब पाणी मारलं, म्हणून ते वॉर्निशवरच निभावलं. वॉर्निश कशाला असतं, ते आता कळलं ना?

मोठी मोहीम सुरू झाली जुलै २०१९ मध्ये. एरवी असं काम बंद खोलीत होतं. इथे संग्रहालयाने चित्राभोवती काचेची खोली उभारली आणि सगळं प्रेक्षकांसमोर सुरू केलं. आधी नुसती तपासणी. पेशंटचे एक्स-रे काढतात ना, तशी. ८,४३९ फोटो काढून ते कॉम्प्युटरवर जोडले आणि एक अवाढव्य फोटो तयार केला. त्यात मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा ठिपकासुद्धा दिसतो. रंगाखाली रेम्ब्रांचं कच्चं रेखाटन सापडलं. एका शिरस्त्राणावर त्याने आधी पिसं काढली होती आणि मग रंग देऊन झाकून टाकली होती, तेही कळलं. म्हणजे हा एवढा मोठा चित्रकारसुद्धा खाडाखोड करायचा!

कापलेल्या भागांचं काय? गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने कापाकापीच्या आधी या चित्राची छोटी नक्कल केली होती. तिच्यावरून २०२१ साली कॉम्प्युटरला रेम्ब्रांची शैली शिकवून हरवलेल्या पट्ट्या तयार केल्या, छापल्या आणि मूळ चित्राच्या कडेला लावून बघितल्या. आणि काय आश्चर्य! कप्तान मधोमध होता तो बाजूला सरकला आणि अख्खी तुकडी खरंच चालायला लागल्यासारखी वाटली. काही महिन्यांनी त्या पट्ट्या काढून टाकल्या. कितीही छान झाल्या तरी त्यांना रेम्ब्रांचा हात लागलेला नव्हता. मला हे पटलं. तुमच्यापैकी काहींना नाही पटणार, तर घरी भांडून बघा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्यक्ष सफाई सुरू झाली. आठ तज्ज्ञ. काढायचं होतं ते १९७५ च्या हल्ल्यानंतरच्या दुरुस्तीत आणि पुढे १९८१ साली दिलेलं वॉर्निश. द्रावणात किंचित भिजवलेला कापडाचा छोटा तुकडा चित्रावर ठेवायचा, मिनिटभराच्या आत उचलायचा, राहिलेलं वॉर्निश कापसाच्या बोळ्याने टिपायचं. आणि नजर सूक्ष्मदर्शकातून. माझ्या साबणाच्या फडक्याची मला पुन्हा एकदा लाज वाटली.

हे काम करणाऱ्यांचा एक नियम आहे. आपण जे नवं लावू ते पुढच्यांना काढता आलं पाहिजे. १९७५ साली वॉर्निश देणाऱ्यांनीही आपल्या परीने उत्तमच काम केलं होतं, पण पन्नास वर्षांनी ते काढता आलं म्हणून खालचे रंग वाचले. आता जे नवं वॉर्निश लागेल, तेही कधीतरी पिवळं पडणारच. तेव्हा सूक्ष्मदर्शकाशी कोण बसेल? कदाचित आज तिसरीत असलेलं कुणीतरी.

कधी ॲमस्टरडॅमला जायचा योग आला, तर अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना या संग्रहालयात तिकीट नाही (आईबाबांना आहे!). तोवर चित्राचा मोठा फोटो मिळवा. उजवीकडे खाली कुत्रं सापडेल, त्यावर पांढुरकी झाक आलेली होती. मग मागच्या रांगेत, निशाणवाल्याच्या जवळ, दोन माणसांच्या मधून डोकावणारी एक टोपी आणि एकच डोळा शोधा. तो रेम्ब्रां स्वतः आहे, असं म्हणतात.