दहा वर्षांची हमी

16 जून 1998 रोजी दक्षिण कोरियातून सीमेवरच्या पन्मुनजॉममार्गे ह्युंदाईच्या ट्रकांचा एक ताफा उत्तर कोरियात शिरला. ट्रकांमध्ये 500 गुरं होती. त्यांच्यासोबत सीमा ओलांडत होते 82 वर्षांचे चुंग जू-युंग, ह्युंदाई समूहाचे संस्थापक. त्यांचं जन्मगाव कोरियाच्या फाळणीनंतर उत्तरेत गेलं होतं. पोरवयात वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे उचलून ते त्याच गावातून सोलला पळाले होते. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा बरोबर 501 गुरं होती. एकूण 1001. हजार गुरं व्याजापोटी, एक मुद्दलाची, असा हिशेब कोरियात आजही सांगितला जातो.

म्हाताऱ्याने आपलं देणं असं वाजतगाजत फेडलं, पण त्याच्या मोटार कंपनीचं देणं अजून थकलेलं होतं, आणि तेही अमेरिकेत. त्याच 1998 मध्ये डेव्हिड लेटरमन यांच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात अंतराळात करायच्या खोड्यांची एक यादी वाचली गेली. त्यातली एक खोडी अशी होती की यानाच्या मुख्य पॅनेलवर गुपचूप ह्युंदाईचं बोधचिन्ह चिकटवायचं. अंतराळवीरांची पाचावर धारण बसायला एवढं पुरे, हे प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं नाही. आणि त्याच वर्षी 23 सप्टेंबरला भारतात ह्युंदाईची सँट्रो आली. इथे कुणाला या कंपनीचा इतिहास ठाऊक नव्हता. एकच कंपनी, एकच वर्ष. एका देशात चेष्टेचा विषय, दुसऱ्या देशात कोरी पाटी.

अमेरिकेत ही पाळी का आली हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. ह्युंदाई मोटर कंपनीची स्थापना डिसेंबर 1967 मधली. सुरुवातीला कोरियातल्या उल्सानच्या कारखान्यात फोर्डची कॉर्टिना जुळवायची, एवढंच काम होतं. पुढे सरकारने स्वदेशी मॉडेलचा आग्रह धरला आणि चुंग यांनी ब्रिटिश लेलँडमधून बाहेर पडलेले जॉर्ज टर्नबुल यांना कोरियात आणलं. आराखडा इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांचा, इंजिन मित्सुबिशीचं, आणि नाव पोनी. 1974 मध्ये ती तुरीनच्या प्रदर्शनात मांडली गेली, 1976 मध्ये रस्त्यावर आली आणि त्याच वर्षी काही पोनी इक्वेडोरला रवाना झाल्या. कंपनीची धुरा संस्थापकांचे धाकटे भाऊ चुंग से-युंग यांच्याकडे होती. लोक त्यांना ‘पोनी चुंग’ म्हणू लागले.

1984 मध्ये पोनी कॅनडात चालली, तशी कंपनीची भीड चेपली. 1986 मध्ये एक्सेल अमेरिकेत आली, किंमत 4,995 डॉलर. पहिल्याच वर्षी 1,68,882 गाड्या विकल्या गेल्या. पहिल्या वर्षात इतकी विक्री तोवर कुठल्याही आयात ब्रँडला साधली नव्हती. दुसऱ्या वर्षी हा आकडा अडीच लाखांच्या वर गेला. गिऱ्हाईक कोण? बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा नवी गाडी घेणारे: विद्यार्थी, नुकते नोकरीला लागलेले, आणि एरवी जुन्या बाजारात फिरणारे लोक. नव्या गाडीचा वास त्यांना जुन्या गाडीच्या भावात मिळत होता.

वास काही महिन्यांत गेला. मग गंज दिसू लागला, रंग उडू लागला, यंत्र कुरकुरू लागलं. पण मालकाला खरा फटका बसायचा तो गाडी विकायला काढल्यावर. जुन्या एक्सेलला भाव येईना. कर्ज अजून फिटायचं बाकी आणि गाडीची किंमत कर्जाच्या खाली घसरलेली, या कोंडीत सापडलेला माणूस त्या ब्रँडच्या शोरूमकडे परत कशाला फिरकेल? 1998 मध्ये ह्युंदाईची अमेरिकेतली विक्री जेमतेम 90 हजारांवर येऊन ठेपली.

स्वस्त गाडीच्या बाबतीत माझं मत इथे सांगून टाकतो. कमी किंमत म्हणजे निव्वळ सवलत, असं मला कधीच वाटलं नाही. गाडीत जी जोखीम असते ती कुणीतरी उचलावीच लागते; कंपनीने उचलली नाही तर ती मालकाच्या अंगावर येते, फक्त बिलात दिसत नाही. एक्सेलचे 4,995 डॉलर हा पहिला हप्ता होता. बाकीचे हप्ते गॅरेजमध्ये भरायचे होते.

हे कंपनीतल्या एका माणसाला इतरांपेक्षा जास्त कळत असावं. संस्थापकांचे चिरंजीव चुंग मोंग-कू यांनी पुष्कळ वर्षं गाड्यांच्या विक्रीपश्चात सेवेची कंपनी सांभाळली होती. गाडी विकणाऱ्याला गिऱ्हाईक हसताना दिसतं. सर्व्हिसवाल्याला ते महिनाभराने, बोनेट उघडून उभं असलेलं दिसतं. 1999 च्या सुमारास घरच्याच फेरबदलात काका चुंग से-युंग बाजूला झाले आणि मोटार कंपनी मोंग-कूंच्या हाती आली. किया ही दिवाळखोरीत निघालेली दुसरी कोरियन कंपनी ह्युंदाईने त्याआधीच घेऊन टाकली होती. मोंग-कू कारखान्यात फिरत, बोनेट उघडायला लावत, दारं आपटून बघत, आणि दोष दिसला तर लाइन थांबवायची मुभा त्यांनी दिली.

अमेरिकेत याच्या जोडीला आलं एक कागदी आश्वासन. 1999 च्या मॉडेलपासून इंजिन आणि गिअरबॉक्स यांसारख्या मुख्य भागांवर 10 वर्षं किंवा 1 लाख मैल, जे आधी होईल तोवर हमी. प्रतिस्पर्धी तेव्हा 3 वर्षं, फार तर 5 वर्षं देत होते. अनेकांना हा आत्मघात वाटला. ज्या गाड्यांची टर उडवली जाते त्यांची दहा वर्षं फुकट दुरुस्ती करायची? पण ही हमी गिऱ्हाइकाइतकीच कारखान्यासाठीही होती. प्रत्येक सैल बोल्टची किंमत आता उल्सानला मोजावी लागणार होती, आणि ती दहा वर्षं ताळेबंदात दिसत राहणार होती. आत एक मेखही होती. दहा वर्षांचा लाभ फक्त पहिल्या मालकाला. गाडी विकली की नव्या मालकाला 5 वर्षं, 60 हजार मैलांचीच मर्यादा. म्हणजे गाडी दहा वर्षं ठेवा, असं कंपनी सुचवत होती. ज्यांना जुन्या बाजारात भाव मिळत नव्हता त्यांना गाडी ठेवण्याचं कारण मिळालं.

2004 मध्ये जे. डी. पॉवर या संस्थेच्या, नव्या गाड्यांच्या सुरुवातीच्या दर्जाच्या पाहणीत ह्युंदाई टोयोटाच्या वर गेली, तेव्हा मोटार उद्योगातल्या लोकांनी आकडे पुन्हा तपासून पाहिले असतील. 2005 मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत कारखाना उभा राहिला. 2009 च्या जानेवारीत, मंदीने लोकांच्या नोकऱ्या जात असताना, कंपनीने जाहीर केलं: गाडी घ्या, वर्षभरात नोकरी गेली तर परत आणून द्या. अमेरिकेतला मोटारींचा बाजार त्या वर्षी पाचव्या हिश्शाने आटला आणि ह्युंदाईची विक्री वाढली. परत आलेल्या गाड्या अगदी थोड्या होत्या. लोकांना गाडी परत करायची नव्हतीच. रात्री झोप लागायला हवी होती.

भारतात दहा वर्षांची हमी द्यायची वेळ आली नाही. घालवलेली पत परत मिळवायची असते तेव्हा असला सौदा करावा लागतो, आणि इथे अजून काही घालवलेलं नव्हतं. 1996 मध्ये स्थापन झालेल्या ह्युंदाई मोटर इंडियाने चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला कारखाना उभारला. पहिली गाडी म्हणून यायची होती ती युरोपात ॲटॉस नावाने विकली जाणारी उंच डोक्याची गाडी. भारतासाठी मागचा भाग बदलून तिचीच सँट्रो केली, तरी ती दिसायला बेंगरूळच राहिली. जाहिरातीत शाहरुख खान आणला, आणि ही कंपनी कोण, गाडीत विशेष काय, हे प्रश्न गिऱ्हाइकाच्या वतीने त्यालाच विचारायला लावले. बी. व्ही. आर. सुब्बू यांच्या विक्री चमूची ही चलाखी मला आजही दाद द्यावीशी वाटते.

चारच महिन्यांच्या आत देवूची मॅटिझ आणि टाटांची इंडिकाही मैदानात उतरली. मॅटिझ दिसायला गोंडस, पण तीन सिलिंडरची. सँट्रोचं 999 सीसीचं इंजिन चार सिलिंडरचं होतं, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ खंडाळ्याच्या घाटात कळायचा. मारुती 800 वाल्यांना चढ आला की एसी बंद करायची सवय होती. मागून आजी ‘उकडतंय रे’ म्हणायची आणि पुढून ‘थांब, चढ संपू दे’ असं उत्तर जायचं. सँट्रोत एसी चालू ठेवून घाट चढता येत होता. उंच छपरामुळे पाठ न वाकवता आत बसता यायचं, लुगड्यातल्या आजीला आणि गुडघे धरलेल्या आजोबांना तर त्याचं फार कौतुक. बेंगरूळपणाला अशी घरातून मतं मिळत गेली.

तक्रारी नव्हत्या असं नाही. पत्रा पातळ, ॲव्हरेज मारुतीइतकं नाही, स्पेअर महाग, आणि नाक्यावरचा मेकॅनिक सुरुवातीला बोनेटखाली बघून डोकं खाजवायचा. मारुतीचा फिटर प्रत्येक तालुक्याच्या गावी होता, सँट्रो शहरापर्यंत न्यावी लागे. मालक हे सगळं सांगायचे आणि वर म्हणायचे, ‘पण गाडी थांबली नाही कधी.’ आपल्याकडे गाडीची परीक्षा अशी एका वाक्यात होते. मग आय-टेन, आय-ट्वेंटी, 2015 मध्ये क्रेटा. पहिली गाडी सँट्रो घेतलेल्या घराने पुढे क्रेटा घेतल्याची उदाहरणं पुण्याच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतील.

पण जोखीम हळूच मालकाकडे सरकवण्याची जुनी खोड सुटली होती का? 2014 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या आणि आय-टेनला शून्य तारे मिळाले. अल्टो, नॅनो, फिगो आणि पोलोच्या साध्या आवृत्तीलाही शून्यच. हमाम में सब, असं म्हणून सुटका करून घेता येत होती. 2023 मध्ये ह्युंदाईच्या व्हर्नाला पाच तारे मिळाले आणि कंपनीने सगळ्या मॉडेलांवर सहा एअरबॅग देऊ केल्या. मधली नऊ वर्षं ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांनी टचस्क्रीन आणि सनरूफचे पैसे आनंदाने मोजले, हेही लिहायला हवं. कंपनी तेच विकते ज्याची चौकशी होते.

अमेरिकेत हिशेब जास्त कडू निघाला. 2011 च्या मॉडेलपासूनच्या सोनाटा आणि इतर काही गाड्यांतल्या थीटा-2 इंजिनात, क्रँकशाफ्ट कातताना उरलेला धातूचा कीस नीट साफ झाला नव्हता. तो तेलाच्या वाटेत अडकायचा, बेअरिंग कोरडं पडायचं, आधी ठकठक आणि मग धावत्या गाडीत इंजिन जाम. 2015 मध्ये सुमारे 4 लाख 70 हजार सोनाटा परत बोलावल्या, 2017 मध्ये दोन्ही ब्रँड मिळून आणखी सुमारे 12 लाख गाड्या. इतका वेळ का लागला, हे बाहेर आलं ते कंपनीतल्याच एका अभियंत्यामुळे. किम ग्वांग-हो यांनी पंचवीसेक वर्षं तिथे नोकरी केली होती. 2016 मध्ये ते कागदपत्रं घेऊन अमेरिकी सरकारकडे गेले आणि नोकरी गमावून बसले. 2021 मध्ये अमेरिकेने त्यांना 2 कोटी 40 लाख डॉलरहून जास्त बक्षीस दिलं. मालकांचे अनुभव मात्र दोन टोकांचे. कुणाला दीड लाख मैल झालेल्या गाडीत नवं इंजिन फुकट मिळालं, तर कुणाकडे दर वेळच्या तेलबदलाच्या पावत्या मागितल्या गेल्या. वीस डॉलरची पावती जपून ठेवणारा माणूस किती दुर्मीळ असतो ते काउंटरपलीकडच्याला चांगलं ठाऊक असतं.

त्याहून बोचणारी गोष्ट चोऱ्यांची. किल्लीतली चिप जुळल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा इमोबिलायझर अमेरिकेत बहुतेक कंपन्या सरसकट देत होत्या. 2015 च्या मॉडेलांत बाकी कंपन्यांकडे हे प्रमाण 96 टक्के, ह्युंदाई-कियाकडे 26. साध्या किल्लीच्या स्वस्त आवृत्त्यांत तो गाळला होता. मिलवॉकीतल्या पोरांनी ही फट हेरली आणि यूएसबी केबलच्या टोकाने गाडी कशी पळवायची याचे व्हिडिओ टिकटॉकवर देशभर फिरले. शेजारच्या कॅनडात इमोबिलायझर 2007 पासून कायद्यानेच सक्तीचा. तिथे त्याच गाड्यांत तो बसवलेला होता. म्हणजे कंपनीला येत नव्हतं असं नाही. 2023 मध्ये काही शहरांत विमा कंपन्यांनी या गाड्यांच्या नव्या पॉलिसी द्यायचं थांबवलं, आणि कंपनी स्टीअरिंगला लावायचे लोखंडी दांडे फुकट वाटू लागली. ज्यांनी सगळ्यात स्वस्त आवृत्ती घेतली, म्हणजे ज्यांना दुसरी गाडी घेणं सगळ्यात अवघड, त्यांचीच गाडी सकाळी जागेवर नसायची. त्याच सुमारास, 2022 च्या विक्रीत, ह्युंदाई-किया टोयोटा आणि फोक्सवॅगननंतर जगात तिसऱ्या क्रमांकावर पोचली होती.

या कहाणीचा एक धागा आता आपल्या दाराशी आला आहे. पुणे-मुंबई रस्त्यावर तळेगावला जनरल मोटर्सने 2008 मध्ये कारखाना सुरू केला होता. तिथे बनणारी शेव्हरोले स्पार्क म्हणजे खरं तर सँट्रोची जुनी वैरीण मॅटिझ. देवू बुडाल्यावर तिच्या गाड्या जनरल मोटर्सकडे गेल्या आणि नाव बदलून तळेगावात उतरल्या. डिसेंबर 2020 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. चीनच्या ग्रेट वॉल मोटरने कारखाना घ्यायचा केलेला प्रयत्न परवानग्यांत अडकून विरला. मग ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईने करार केला, जानेवारी 2024 मध्ये ताबा घेतला, आणि 2025 पासून नवी व्हेन्यू तिथे तयार होते आहे.

त्या व्यवहारात जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री आली. जनरल मोटर्सचे हजारावर कामगार आले नाहीत. कामावरून काढल्याविरुद्ध ते आधीपासून न्यायालयात होते, 2023 मध्ये त्यांनी उपोषणही केलं. त्यांची मागणी होती की कारखाना ज्याच्याकडे जाईल त्याने आम्हालाही घ्यावं. शेव्हरोलेची स्पार्क आणि बीट जुळवून हात बसलेली ही माणसं, ज्या कौशल्याची नव्या मालकाला गरज पडणार होती तेच त्यांच्याकडे होतं. गाडी घेणाऱ्याला हमीचा कागद मिळतो. गाडी बनवणाऱ्याकडे 2008 च्या नेमणुकीचं पत्र होतं, त्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव.